आयरिश घरात अडीचकी

मी कमी बोलतो. हे गुण म्हणून सांगत नाही आणि दोष म्हणूनही नाही. पुढचे नीट समजावे म्हणून सांगतो. माझी सारी नोकरी ओटावात, सरकारी खात्यात, पूल तपासण्यात गेली. पुलाशी बोलावे लागत नाही. तडा असला तर दिसतो. नसला तर नसल्याचे लिहून घरी यावे.

सत्तरच्या दशकात या देशात आलो तेव्हा इथली एक गोष्ट मला मनापासून पटली. इथे 'नको' म्हणजे नको. मिरजेला आमच्या घरी पाहुण्याने नको म्हणणे ही जेवणाची सुरुवात असे. पाहुण्याने पानावर आडवा हात धरायचा, वाढणाऱ्याने तो चुकवून जिलबी टाकायची, पाहुण्याने रागावल्यासारखे करायचे आणि मग ती जिलबी संपवून दुसरीसाठी पुन्हा हात आडवा धरायचा. मला लहानपणापासून हा वेळेचा अपव्यय वाटे. कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यात मी माझ्या वरिष्ठांना कॉफी घेणार का, असे विचारले. ते 'नो, थँक यू' म्हणाले आणि विषय संपला. आपण योग्य देशात आलो, अशी माझी खात्री पटली. त्यानंतर मी कोणालाही कोणतीही गोष्ट दोनदा विचारली नाही.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आमच्या शेजारी एक आयरिश जोडपे राहायला आले. आमची दोन घरे एकमेकांना चिकटलेली आहेत. मधली भिंत एक, गाडी लावायची जागा एक. शेजारी माझ्याच वयाचे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून तरुणपणी इकडे आलेले, आणि आयुष्यभर विमा विकलेला. म्हणजे त्यांची भाकरी बोलण्यावर आणि माझी न बोलण्यावर. अशा दोन माणसांमध्ये एकच भिंत असणे हे बांधकामाच्या दृष्टीने ठीक असले तरी इतर दृष्टींनी अपुरे होते.

पहिल्या रविवारी दोघे दारात आले. बाईंच्या हातात सोडा घालून भाजलेला, वर चाकूने फुली मारलेला जाड पाव होता. माझी पत्नी ग्रोसरीला गेली होती. मी त्यांना बसवले आणि चहा घेणार का, असे विचारले.

"छे छे, उगाच कशाला त्रास," बाई म्हणाल्या.

"आत्ताच घेऊन निघालो," शेजारी म्हणाले.

"बरे," मी म्हणालो आणि बसलो.

ते पाऊण तास बसले. ते हवेबद्दल बोलले, आमच्या पडद्यांबद्दल बोलले, मधूनमधून स्वयंपाकघराकडे पाहत राहिले. मला वाटले, त्यांना घराची रचना आवडली असावी. मी त्यांना भार पेलणारी भिंत कोणती ते दाखवले. पुढच्या दोन भेटींतही हेच घडले. दोन्ही वेळा मी चहा विचारला, दोन्ही वेळा ते नको म्हणाले आणि दोन्ही वेळा मी त्यांचा शब्द मानला.

चौथ्या वेळी पत्नी घरी होती. तिने काही विचारलेच नाही. चहा ठेवला, चकल्यांचा डबा उघडून पुढे सरकवला. दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला आणि चकल्यांचा तळ दिसला.

ते गेल्यावर ती म्हणाली, "अहो, किती ऑकवर्ड. तीन वेळा ती माणसं आपल्या घरातून कोरडी गेली?"

"ते नको म्हणाले होते."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"मग काय करायचे?"

"ती आपल्यासारखी माणसं आहेत हो."

"आपल्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखी. तुमच्यासारखी नव्हेत."

त्यांच्या घरी याच्या उलट होई. मी नको म्हणे, आणि त्या घरात माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती. एक कप? नको. अर्धा? नको. "बरं, ठेवते समोर, प्यायचा नसेल तर नुसता बघत बसा," असे म्हणून शेजारीणबाई काळाकुट्ट चहा पुढे ठेवत. सोबत त्या पावाचा तुकडा आणि त्यावर पुलावर डांबराचा थर देतात तितक्या जाडीचे लोणी. मी ते सारे संपवी, कारण समोर आलेले टाकायचे नाही ही सवय मात्र मी मिरजेहून सोबत आणली होती.

एकदा उन्हाळ्यात त्यांच्या पायऱ्यांवर बसलो असताना शेजाऱ्यांनी मला नियम समजावून दिला. ते मला 'इंजिनिअर' म्हणत.

"इंजिनिअर, पहिला नकार सभ्यपणाचा. दुसरा नकार समोरचा मनापासून विचारतोय की नाही, ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर इंग्रज."

"आमच्याकडेही असेच आहे," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग तीन रविवार आम्हाला उपाशी का ठेवलंत?"

"ती पद्धत मी तिकडेच ठेवून आलो."

"कोणाकडे?"

मी पायरीतला तडा तपासू लागलो. त्यांना ते इतके आवडले की पुढे वर्षभर ते ही गोष्ट माझ्यासमोर इतरांना सांगत. दर वेळी उपाशी रविवारांची संख्या वाढत असे.

निरोप घेण्याचीही त्यांची रीत होती. जाण्यासाठी उठणे आणि प्रत्यक्ष जाणे यांचा एकमेकांशी संबंध नसे. उठून पुन्हा बसत. कोट घालून गप्पांना नवी सुरुवात करीत. फोन ठेवण्यापूर्वी 'बाय' हा शब्द लहान होत होत ऐकू येईनासा होईपर्यंत म्हणत. उंबऱ्यात थांबून बोलण्याच्या बाबतीत माझी पत्नीही कमी नाही. जानेवारीच्या थंडीत आमचे दार सताड उघडे ठेवून ती आणि शेजारीणबाई निरोप घेत उभ्या राहत, आणि घर तापवण्यासाठी चाललेली भट्टी साऱ्या रस्त्याला ऊब देत असे. मी मागून येऊन दार लोटत असे. उघडे दार आणि उघडी खिडकी मला हिवाळ्यात बघवत नाही. हेही पुढचे समजावे म्हणूनच सांगितले.

सतरा मार्चला, आयरिश लोकांच्या सणाला, सारे ओटावा हिरव्या टोप्या घालून हिंडते. त्या दिवशी मी शिष्टाचार म्हणून हिरवा टाय लावून शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांचे पडदे ओढलेले होते. "आत या आणि दार लावा," ते म्हणाले. "आज बाहेर फक्त इतर लोक आयरिश असतात." दार लावण्याची सूचना त्या घरात मी प्रथमच ऐकली. टायचा त्यांनी उल्लेख केला नाही, ही त्यांची सभ्यता.

महिन्यातून एकदा त्यांच्या बेसमेंटमध्ये बैठक भरे. दहा-बारा म्हातारी माणसे, चहा, व्हिस्की, आणि गाणी. व्यासपीठ नाही, माइक नाही, साथ नाही. प्रत्येकाने काहीतरी म्हणायचे. गाणे, कविता, गोष्ट, काहीही. आवाज चांगला असण्याची अट नाही. ज्याचे म्हणून झाले त्याला पुढचे नाव घेण्याचा मान. याला ते 'नोबल कॉल' म्हणत, आणि ज्याचे नाव घेतले त्याने नकार देणे फार वाईट दिसते. शेजारी स्वतः तर कोणी नाव घेण्याची वाट पाहत नसत. त्यांचे एक लांबलचक गाणे होते, बुडालेल्या होडीचे. भिंतीपलीकडून मला ते तोंडपाठ झाले होते. होडी बुडायला बराच वेळ लागे.

पहिल्याच बैठकीत माझ्या पत्नीने एक भूपाळी म्हटली. सर्वांनी डोळे मिटून ऐकली. मग पुढचे नाव घेण्याचा मान तिच्याकडे आला, आणि त्या खोलीत ओळखीचे-अनोळखी इतके लोक असताना तिने माझे नाव घेतले.

मी वॉशरूमला गेलो. पुढच्या बैठकीतही गेलो. माझ्या प्रकृतीविषयी त्या मंडळींत काळजी पसरली.

"मिरजेचा माणूस," पत्नी घरी आल्यावर म्हणे, "जिथं घराघरात तंबोरे बनतात तिथला, आणि याला सुरात शिंकता येत नाही."

"माझे वडील वकिली करीत. तंबोरे शेजारी बनत."

"शेजाऱ्याचं काही घ्यायचं नाही, हे तेव्हापासूनचंच का?"

एका बैठकीत शेजाऱ्यांनी मला वॉशरूमच्या दाराशीच गाठले. "इंजिनिअर, आयुष्यात काहीच पाठ नाही? एक ओळसुद्धा?"

"पाढे," मी म्हणालो.

"ते सगळ्यांनाच येतात."

"अडीचचा."

ते थांबले. मी सांगितले की आमच्या वेळी पावाचे, अर्ध्याचे, पाऊणचे, सव्वाचे, दीडचे, अडीचचे असे पाढे पाठ करावे लागत. संध्याकाळी दिवे लागले की मुलांना ओळीने बसवून ते सुरात म्हणवून घेत. त्याला परवचा म्हणत. अडीचच्या पाढ्याला अडीचकी म्हणतात.

"कुणाला अडीचनं गुणायची वेळ येते?"

"धान्य विकणाऱ्याला. कापड घेणाऱ्याला."

"आणि पूल तपासणाऱ्याला?"

"एकदाही नाही."

ते इतके हसले की त्यांना जिन्याच्या कठड्याला धरावे लागले. मग डोळे पुसून म्हणाले, "मला ते ऐकायचंय." मी बूट घातले आणि घरी आलो.

या मागणीला पुढे वेगळे वळण लागले. त्यांचे हृदय नीट चालेनासे झाले होते. डॉक्टरांनी बर्फ उपसू नका असे सांगितले होते, आणि ते उपसत होते. एका सकाळी दोघांच्या सामाईक जागेतला बर्फ आम्ही दोन बाजूंनी शोव्हल करीत होतो. मध्यावर भेट झाल्यावर ते फावड्यावर रेलले.

"इंजिनिअर, माझ्या वेकला तुम्ही ते पाढे म्हणायचे."

वेक म्हणजे काय ते मला तोवर कळले होते. माणूस गेला की दफनापूर्वी त्याला घरात ठेवतात आणि माणसे जमतात. नुसती जमत नाहीत. खातात, पितात, गातात, गेलेल्याच्या खोड्या सांगतात. मला हे असभ्य वाटले होते आणि मी तसे बोललोही होतो.

"नाही," मी म्हणालो.

"एक झाला," ते म्हणाले आणि फावडे उचलले. मी ते त्यांच्या हातून काढून घेतले आणि उरलेला बर्फ स्वतः उपसला.

फेब्रुवारीत त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावे लागले. मी भेटायला गेलो. नाकात नळी होती, पण तोंड मोकळे होते.

"जेवण कसे आहे?" मी विचारले.

"बटाटे पावडरचे आहेत. मरायला तेवढं कारण पुरे." मग थोडे दमून म्हणाले, "वेकला पाढे. हे मी मजेनं म्हणत नाहीये. माझी सगळी माणसं तीच तीच गाणी म्हणतील. मला ती पाठ आहेत. मला काहीतरी न ऐकलेलं हवंय."

"मृताच्या घरी असे काही म्हणणे आमच्यात बसत नाही. आणि मला सूर नाही."

"म्हणजे नाही?"

"नाही."

"दोन झाले," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा घरी आल्यावर विचारीन. चहा घेऊन जा, इंजिनिअर. त्या मशीनमधला घाणेरडा आहे, पण घ्या."

ते घरी आले, पण विचारण्याच्या स्थितीत नव्हते.

ते हॉस्पिटलमध्येच गेले होते, आणि शवपेटी घरी आणल्याचे माझ्या पत्नीने खिडकीतून पाहिले. मग तिने डाळीचे पीठ काढले. आमच्याकडे गेलेल्याच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी पिठले-भात करून पोचवायचा असतो. शेजारी आम्हीच होतो. दुपारी मोठ्या पातेल्यात पिठले आणि कुकरमध्ये भात घेऊन आम्ही निघालो. ही चूक आम्हीच करू शकत होतो. दार उघडले तर आत टेबल वाकेल इतके खाणे. अंड्याचे सँडविच, चीजचे सँडविच, केक, तीन प्रकारचे पाव आणि किटलीवर किटली चहा. पत्नीने त्या सगळ्यातून जागा काढून पातेले ठेवले.

शेजारीणबाईंची धाकटी बहीण आयर्लंडहून आली होती. बुटकी, करारी बाई. सारी सूत्रे तिच्या हातात. तिने विचारले, "हे पिवळं काय आहे?"

पत्नीने सांगितले. घरात चूल पेटवायची नाही म्हणून शेजाऱ्यांनी आणायचे.

"चूल पेटवत नाहीत? मग चहा?"

"चहासुद्धा नाही."

"बिचारी माणसं," बहीण म्हणाली. तिने एक कुरकुरीत बिस्कीट पिठल्यात बुडवून खाल्ले, दुसरे बुडवले, आणि पातेले टेबलाच्या मध्यभागी सरकवले.

मी समोरच्या खोलीत गेलो. शेजारी पेटीत होते, चांगल्या सुटात, आणि गप्प. भिंतीकडेने खुर्च्या मांडल्या होत्या. मी उभा राहिलो आणि नमस्कार केला. मग मला गार वारे लागले. पेटीच्या पलीकडची खिडकी उघडी होती. बाहेर उणे वीस तापमान, आत भट्टी चाललेली, आणि खिडकी उघडी. मी पुढे झालो, खिडकी ओढली, कडी लावली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. पडदाही सारखा केला.

बहीण कपबशा घेऊन आत आली आणि थबकली.

"खिडकी कुणी लावली?"

"मी."

"कधी?"

"आल्याबरोबर."

"आणि उभे कुठे होतात?"

"इथेच. खिडकीसमोर."

तिने कपबशा खाली ठेवल्या. मग तिने मला सांगितले. माणूस गेला की खिडकी उघडतात, म्हणजे आत्म्याला बाहेर जाता यावे. त्याच्या वाटेत कोणी उभे राहायचे नसते. काही वेळाने खिडकी लावून घेतात, म्हणजे तो परत येऊ नये. हॉस्पिटलच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून हे सारे घरी आणून करावे लागले होते. तिने खिडकी उघडली होती आणि ती चहा ओतायला गेली होती.

"किती वेळ उघडी होती?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"एक किटली भरेपर्यंत."

"मग गेला असेल."

"तो?" दुसरा म्हातारा म्हणाला. "त्याला दारात निरोप घ्यायला तास लागायचा. कोटसुद्धा घातला नसेल अजून."

यावर गंभीर चर्चा झाली. मी इतकेच विचारले की खिडकी पुन्हा उघडून चालणार नाही का. एक जण म्हणाला चालेल, दुसरा म्हणाला विचारावे लागेल. कोणाला विचारायचे ते मात्र ठरेना. माझी पत्नी दाराशी उभी होती. ती मराठीत म्हणाली, "हीटिंग वाचलं ना?"

शेजारीणबाई इतका वेळ पेटीच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"म्हणजे तो अजून आतच आहे," त्या म्हणाल्या. "बरंच झालं. इंजिनिअर, त्यानं तुम्हाला दोनदा विचारलं होतं. मला मोजून सांगितलंय त्यानं. तिसऱ्यांदा मी विचारते."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. या घरात वॉशरूम कोठे आहे ते मला ठाऊक होते, आणि ते मला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. वाटेत माझी पत्नी उभी होती. ती सरकली नाही.

मृतासमोर बसून कोणी पाढे म्हटल्याचे मी कधी ऐकलेले नाही. पण मी आजारी नव्हतो आणि इंग्रजही नव्हतो.

मी खुर्चीवर बसलो, कारण परवचा बसून म्हणतात. हात मांडीवर ठेवले. शाळेत ज्या हेलात म्हणत असू त्याच हेलात सुरुवात केली, कारण दुसरा मला येत नव्हता. एक अडीच अडीच. बे अडीच पाच. तीन अडीच साडेसात. चार अडीच दहा. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. अडीचकीला पुढे जाण्याची घाई नसते. प्रत्येक ओळ शेवटी थोडी खाली येते आणि पुढची पुन्हा वर जाते. सहाव्या-सातव्या ओळीपासून मधला 'अडीच' त्या लोकांनी पकडला. थोड्या वेळापूर्वी त्यांनी जपमाळ म्हटली होती, एकाने अर्धे म्हणायचे आणि बाकीच्यांनी उरलेले. त्यामुळे त्यांना ही सवय होती. मी 'नऊ' म्हणे, सारी खोली 'अडीच' म्हणे, मी 'साडेबावीस' म्हणे.

सोळा अडीच चाळीस झाले. मी 'सतरा' म्हणालो, खोलीने 'अडीच' म्हटले, आणि मला पुढचे आठवेना. समोर पेटी होती. मी तिच्याकडे पाहिले, मग छताकडे पाहिले. कोणीतरी नाक ओढले. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी फक्त आकडा शोधत होतो, एवढे येथे नमूद करतो.

"साडेबेचाळीस," पत्नी दाराशी म्हणाली.

साडेबेचाळीस. अठरा अडीच पंचेचाळीस. वीस अडीच पन्नासवर मी थांबलो. मिरजेतही आम्ही तिथेच थांबत असू.

ज्याचा हात खांद्यावर होता तो म्हातारा रुमालाने डोळे पुसत म्हणाला, "असला विलाप मी आमच्या बेटावरसुद्धा ऐकला नाही. किती जुना आहे?"

"जुना आहे."

"माणूस गेल्यावरच म्हणतात का?"

"नाही. तो अडीचचा पाढा आहे."

प्रथम शेजारीणबाई हसल्या. हसता हसता त्यांनी पेटीची कड धरली, जशी त्यांच्या नवऱ्याने जिन्यापाशी कठडा धरला होता. मग बहीण हसली, मग सगळी खोली. म्हातारा सर्वांत उशिरा हसला आणि सर्वांत जास्त वेळ. "पाढ्यावर रडलो," तो ज्याला त्याला सांगत होता. "शाळेत रडलो होतो त्यानंतर आज."

नियमाप्रमाणे आता पुढचे नाव मी घ्यायचे होते. मी पेटीकडे वळलो आणि शेजाऱ्यांचे नाव घेतले.

हसणे थांबले. नाव घेतल्यावर ते गप्प राहिल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अजून दोनदा विचारावं लागेल," बहीण म्हणाली.

मी अजून दोनदा विचारले. तिसऱ्या वेळेनंतर शेजारीणबाईंनी ते होडीचे गाणे सुरू केले आणि बाकीच्यांनी उचलून धरले. तिसऱ्या कडव्याला बहिणीने मला मानेने खूण केली. मी कडी काढली आणि खिडकी पूर्ण उघडली. या वेळी बाजूला उभा राहिलो. भट्टीविषयी काही बोललो नाही. होडी बुडायला नेहमीइतकाच वेळ लागला. मग बहिणीने येऊन खिडकी लावली आणि कडी दोनदा तपासली.

निघताना पिठल्याचे पातेले रिकामे होते. भाताला कोणी हात लावला नव्हता. आमच्यात मृताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, न बोलता निघतात. ही रीत मला नेहमीच सोयीची वाटली आहे. पण दारात शेजारीणबाई उभ्या होत्या, आणि न बोलता कोणाला जाऊ द्यायचे नाही ही त्यांची रीत. आम्ही कोट घालून दारात उभे राहिलो. दार उघडे होते. बराच वेळ उघडे होते.

घरी येऊन आळीपाळीने अंघोळी केल्या. मी दिवाणखान्यात येऊन बसलो. भिंतीपलीकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. गाणी अजून चालू होती, पण ओळखीचे गाणे त्यांत नव्हते.

पत्नी केस पुसत आली. "सतराला अडकलात," ती म्हणाली. "आमचे वडील सतराला अडकलं की पुन्हा एकपासून म्हणायला लावायचे."

तिने टॉवेल खांद्यावर टाकला.

"चहा घेणार?"

"नको," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि टॉवेल वाळत टाकायला वर निघून गेली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. आमच्या लग्नाला पन्नासाहून अधिक वर्षे झाली आहेत आणि माझा नकार हा नकार असतो हे मीच तिला शिकवलेले आहे. ती परत विचारणार नव्हती. शेवटी मी उठलो आणि दोघांसाठी आधण ठेवले.